माझ्याच खुर्चीसाठी जाहिरात

जी नोकरी मी पाच वर्षं इमानेइतबारे करतो आहे, तीच नोकरी रिकामी असल्याची जाहिरात रविवारच्या पेपरात द्यायची आणि ती वाचून कोणीही लायक माणूस येऊ नये म्हणून देवाला साकडं घालायचं, हा प्रकार ज्याने शोधून काढला त्याला एकदा भेटायची माझी इच्छा आहे. मी त्याला काही बोलणार नाही. फक्त समोर बसवून त्याचीच जागा पेपरात छापून आणीन आणि त्याचा चेहरा बघेन.

कायदा असा आहे. कंपनीला परदेशी माणूस कायमचा ठेवून घ्यायचा असेल, म्हणजे त्याला ग्रीन कार्ड मिळवून द्यायचं असेल, तर त्या कामाला लायक आणि तयार असा एकही अमेरिकन माणूस सापडत नाही, हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी खरोखर शोधावं लागतं. दोन रविवार पेपरात जाहिरात, महिनाभर सरकारी रोजगार खात्याच्या यादीत नाव, कंपनीच्या भिंतीवर नोटीस. कोणी सापडलं नाही तर अर्ज पुढे जातो. एक जरी लायक माणूस सापडला, तर कंपनी त्याला घेवो न घेवो, माझा अर्ज तिथेच मेला.

आणि माझ्यासारख्या परदेशी कामगाराला इथे एकूण सहा वर्षं मिळतात, त्याआधी विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं वेगळी. पाचवं वर्ष संपायच्या आत हा अर्ज सरकारदरबारी दाखल झाला तर मुक्काम वाढत राहतो. माझं पाचवं वर्ष मार्चअखेर संपत होतं. अर्ज हुकला असता तर पुढच्या मार्चला ओमाहातलं घर विकून, आठ वर्षांच्या मुलीला, सहस्राला, शाळेतून काढून आम्ही विजयवाड्याला परत. सहस्राला तेलुगूत फक्त खायच्या पदार्थांची नावं येतात आणि रागावल्यावर आई काय म्हणते तेवढं कळतं. एवढ्या भांडवलावर तिला विजयवाड्याच्या शाळेत बसवावं लागलं असतं.

अर्ज मंजूर झाला की कार्ड हातात पडतं, असं कोणाला वाटत असेल तर त्याचा जन्म भारतात झालेला नसावा. आमची रांग इतकी लांब आहे, की हा सगळा खटाटोप रांगेतला नुसता नंबर मिळवण्यासाठी असतो. माझा मित्र चलपती त्या रांगेत अकरा वर्षं उभा आहे आणि त्या अनुभवावर तो सगळ्या ओमाहाला फुकट सल्ला देतो.

आमची कंपनी शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवते. तीन-तीन मजली उंच कोठ्या. आतला मका ओला असेल तर पंखे केव्हा सुरू करायचे, किती वेळ चालवायचे, बाहेर बर्फ पडत असेल तर काय करायचं, हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम मी लिहितो. हे काम मी एकटा करतो. माझ्याशिवाय नेब्रास्काचा मका सडेल असं मी कधी म्हटलेलं नाही, पण कोणी म्हटलं असतं तर मी फारसा विरोध केला नसता.

कंपनीच्या वकीलबाई लिंडा कुचेरा. त्यांनी डिसेंबरात मला फोनवर बजावलं, "मिस्टर वेमुरी, या भरतीत तुमचा हात, पाय, बोट काहीही दिसता कामा नये. कोण अर्ज करतंय ते विचारायचं नाही, कोणाला थांबवायचं नाही, कोणाला मदत करायची नाही. सरकारने तपासणी काढली आणि तुम्ही मध्ये पडल्याचं दिसलं, तर अर्ज गेला."

"मग मी करायचं काय?"

"तुमचं काम करा," त्या म्हणाल्या.

पहिली जाहिरात जानेवारीच्या पहिल्या रविवारी आली. सकाळी सहाला मी पेट्रोलपंपावर जाऊन पेपराच्या सात प्रती घेतल्या. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "कोणी गेलं का हो घरचं?" मृत्यूच्या बातम्यांसाठीच हल्ली लोक इतक्या प्रती घेतात म्हणे. मी म्हटलं, "अजून नाही."

माझं काम एका जुन्या पियानोच्या आणि मैल्याची टाकी उपसणाऱ्याच्या जाहिरातींच्या मध्ये चार ओळींत बसवलं होतं. पाच वर्षांचं आयुष्य चार ओळींत, आणि टाकीवाल्याला सहा ओळी आणि चौकट. मी ती जाहिरात हैमाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "एवढंच करता होय तुम्ही?" माझी पत्नी वाईट नाही. तिला फक्त प्रश्न मोठ्याने विचारायची सवय आहे.

सोमवारी कंपनीच्या खाण्याच्या खोलीत मायक्रोवेव्हच्या वर नोटीस लागली. त्यावर कामाचं वर्णन आणि पगार, दोन्ही. नाव नाही, पण आमच्याकडे कोठ्यांच्या पंख्यांचे प्रोग्रॅम लिहिणारा दुसरा प्राणी नसल्यामुळे नावाची गरजही नव्हती. दहा दिवस ती नोटीस काढता येत नाही. दहा दिवस सगळा कारखाना सूप गरम करता करता माझा पगार वाचत होता.

शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा वेन माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुला काढतायत हे तुला सांगितलं तरी का त्यांनी?"

"काढत नाहीयेत रे. उलट ठेवायचंय, म्हणून जाहिरात दिलीय."

वेनने माझ्याकडे फार दयेने बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने आमच्यासाठी मोठं ताटभर बटाट्याचं कॅसरोल पाठवलं, इथे दुःखाच्या घरी पाठवतात तो ओव्हनमध्ये भाजलेला प्रकार. त्यात गोमांस होतं, म्हणून ते आम्ही सहानुभूतीसकट तसंच फ्रीजमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी वेनने विचारलं, "तू गेल्यावर तुझी खिडकीजवळची जागा मी मागितली तर राग नाही ना येणार?" मी म्हटलं, नाही. राग आला होता.

तरीही दोन्ही रविवार सुखरूप पार पडले. आजकाल पेपर वाचतो कोण, असं चलपती म्हणायचा, आणि ते खरंही होतं. नको तेव्हा वाचणारा एक निघाला, आणि त्याच्यापर्यंत पेपर माझ्याच घरातून गेला.

झालं असं. संक्रांतीला हैमाने अरिसेलु केल्या. गूळ आणि तांदळाच्या पिठाच्या या पुऱ्या तळल्या की तेल पितात आणि दाबून ते काढावं लागतं. इथल्या कागदी रुमालांना हैमा काडीची किंमत देत नाही. तेल शोषावं तर वर्तमानपत्रानेच, हे तिच्या आईचं मत, तिच्या आजीचं मत आणि त्यामुळे तिचंही मत. घरात अनायासे पेपराच्या सात प्रती पडलेल्या. वरच्या दोन पानांवर अरिसेलु दाबल्या, खालच्या कोरड्या पानात गुंडाळल्या आणि एक पुडा गेला तीन घरं सोडून राहणाऱ्या बाबायकडे.

बाबाय म्हणजे काका. नाव कामेश्वरराव, पण ओमाहातले सगळे तेलुगू लोक त्यांना बाबाय आणि त्यांच्या पत्नीला पिन्नी, म्हणजे मावशी म्हणतात. आम्ही इथे आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते. सहस्राचा जन्म झाला तेव्हा पंधरा दिवस पिन्नी आमच्या स्वयंपाकघरात होत्या. बाबायचं वय एकोणसाठ. रेल्वेच्या सिग्नलांची यंत्रणा चालवणारे प्रोग्रॅम लिहिण्यात सव्वीस वर्षं गेली होती आणि नोव्हेंबरात कंपनीने त्यांचा अख्खा विभाग बंद केला. अमेरिकेचे नागरिक होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. म्हणजे कायद्याच्या भाषेत ते पक्के अमेरिकन, पूर्ण लायक, आणि बेकार.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात बाबाय. अंगात जाड कोट, हातात तेलाने पारदर्शक झालेलं वर्तमानपत्राचं पान.

"अरिसेलु उत्तम होत्या," बाबाय म्हणाले. "पण फणी, तुझ्या कंपनीत माझ्यासारख्या माणसाची जागा निघते आणि ती मला पुऱ्यांखालून कळते? तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

हैमाने माझ्याकडे बघितलं. मी पानाकडे बघितलं. गुळाच्या डागातून माझ्या चार ओळी स्पष्ट दिसत होत्या. पियानो मात्र पुसला गेला होता.

"पाणी घेणार का, बाबाय?" मी म्हटलं.

"पाणी घेणार का काय विचारतोस? बाहेर उणे बारा आहे. कॉफी टाक हैमा. मी अर्ज पाठवून आलोय, आत्ताच. म्हटलं फणीला आधी सांगावं, तो आत शब्द टाकेल."

खरं सांगून टाकावं असं जिभेच्या टोकावर आलं आणि तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसून मी कुचेराबाईंना फोन लावला.

"तुम्ही त्यांना अर्ज करा म्हणालात?"

"नाही."

"करू नका म्हणालात?"

"नाही."

"मग काय म्हणालात?"

"पाणी घेणार का म्हणालो."

"उत्तम. एवढंच म्हणत राहा," त्या म्हणाल्या. "आणि मिस्टर वेमुरी, तुम्ही त्यांना खरी गोष्ट सांगितलीत आणि त्यांनी माघार घेतली, तर ती तुम्हीच घ्यायला लावल्यासारखं होतं. मग तुमच्या अर्जावर मी सही करणार नाही."

"आणि ते निवडले गेले तर?"

"तर अर्ज करता येणार नाही. पुन्हा प्रयत्न करायला निदान सहा महिने लागतील. तुमच्याकडे किती आहेत?"

माझ्याकडे दहा आठवडे होते.

मग चलपती आला. त्याला बोलावावं लागत नाही, संकट दिसलं की तो आपला आपण येतो. पायातले बूट काढायच्या आधी त्याने उपाय सांगायला सुरुवात केली. "त्यांना मुलाखतीची तारीख चुकीची कळव. नाहीतर म्हणावं कंपनी बुडतेय. नाहीतर पिन्नीला म्हणावं तिथल्या धुळीने दमा होतो."

"मध्ये पडायचं नाहीये मला."

"मग त्यांना शिकव."

"म्हणजे?"

"चुकीचं शिकव. ते तयारीसाठी तुझ्याकडेच येणार ना? पंखे उलटे फिरव."

मी चलपतीला हाकलून दिलं. हाकलण्याआधी दोन मिनिटं मी त्याच्या म्हणण्याचा विचार केला होता, हेही इथे लिहून ठेवतो.

शनिवारी हैमाने मला देवळात नेलं. व्हिसाच्या कामासाठी देवाला आधी अकरा प्रदक्षिणा घालायच्या आणि काम झालं की एकशे आठ, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. हैमा हिशोब चुकू नये म्हणून छापील तक्ता घेऊन येते. आम्ही चौथ्या फेरीत होतो तेव्हा समोर बाबाय आणि पिन्नी दिसले. त्यांच्याही हातात तक्ता. एकाच देवाभोवती, एकाच दिशेने, एकाच खुर्चीसाठी दोन कुटुंबं फिरत होती. मी देवाच्या जागी असतो तर त्या दिवशी दार लावून घेतलं असतं.

पिन्नी वळून म्हणाल्या, "बरा आलास, फणी. यांचे गुडघे दुखतायत. यांच्या वाटणीच्या चार फेऱ्या तू घाल ना, बाबा."

नाही कसं म्हणणार? बाबाय बाकावर बसले आणि मी त्यांच्यासाठी चार फेऱ्या घातल्या. त्या चार फेऱ्यांत मी मनात काय म्हणालो ते फक्त देवाला माहीत आहे. बाबाय बाकावरून बोटांनी मोजत होते. मी परत आल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेत भर म्हणून त्यांनी मला स्वतःचा प्रसादही देऊन टाकला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं आणि चलपतीचं भाकीत खरं झालं. बाबाय रोज संध्याकाळी चहाच्या वेळी वही घेऊन आमच्याकडे हजर. मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. पहिले दोन दिवस ते विचारत होते आणि मी "कंपनीची गुपितं आहेत, बाबाय" म्हणत चकल्यांची बशी पुढे करत होतो.

तिसऱ्या दिवशी ते वहीत काहीतरी खरडत म्हणाले, "म्हणजे बघ, ओलावा वाढला की पंखा चालू, कमी झाला की बंद. यात आहे काय? भिंतीवरचं बटण आहे हे."

माझा तोल गेला. "बटण? बाहेरची हवा कोठीतल्या मक्यापेक्षा ओली असली आणि पंखा चालू केला तर काय होईल?"

"काय होईल?"

"मका आणखी भिजेल. वरचा थर सडेल. उंदीर खाणार नाहीत असा होईल."

आणि मग मी थांबलो नाही. हवेचा ओलावा, मक्याचा ओलावा, रात्रीचं गार होणं, तळच्या थराचं वरच्या थराशी असलेलं वैर, सगळं सांगितलं. कागद संपले तेव्हा सहस्राच्या चित्रकलेच्या वहीत आकृत्या काढल्या. पाच वर्षांत हे सगळं मला कोणी विचारलंच नव्हतं. हैमा स्वयंपाकघराच्या दारातून मला हातवारे करत होती. मी तिकडे पाठ करून बसलो.

हे दहा दिवस चाललं. आपलं काम कोणी बेंगरूळपणे शिकावं हे मला सहन होईना. दिवसा मी त्यांचं अपयश चिंतायचो आणि संध्याकाळी त्यांच्या चुका सुधारायचो. आठव्या दिवशी बाबायने माझ्या प्रोग्रॅममधली चूक काढली. वारा जोराचा असला तर माझा पंखा विनाकारण दोनदा सुरू होतो म्हणे. मी वाद घातला, तावातावाने हिशोब केला, आणि पंखा दोनदा सुरू होत होता. पाच वर्षं होत होता.

"चालतं रे," बाबाय म्हणाले. "आमच्या सिग्नललाही असंच व्हायचं. फक्त तिथे गाड्या एकमेकांवर आदळायच्या."

ते गेल्यावर हैमा म्हणाली, "अहो, तुम्ही त्यांना तुमच्यापेक्षा जास्त शिकवलंत. आता आपण सामान बांधायला घेऊ का?" यावेळी ती मोठ्याने बोलत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

मुलाखत गुरुवारी दहा वाजता होती. मी आठपासून टेबलावर होतो आणि पडद्यावर एकच ओळ उघडून बसलो होतो. कुचेराबाईंच्या सूचना पाठ होत्या. ओळख दाखवायची नाही. उठायचं नाही. शक्य तर जागा सोडून जायचं, असं मला नंतर सुचलं.

दहाला पाच कमी असताना बाबाय आले. मुलीच्या लग्नातला सूट, केसांना तेल, हातात फाईल. आमचा मॅनेजर डेल त्यांना घेऊन माझ्यासमोरून गेला. बाबायने माझ्याकडे बघून डोळा मारला. मी मान खाली घातली ती ते खोलीत जाईपर्यंत वर केली नाही.

पाऊण तास. काचेतून मला डेलचं डोकं दिसत होतं आणि ते सारखं होकारार्थी हलत होतं. एकदा तो खळखळून हसला. डेल पाच वर्षांत माझ्याबरोबर दोनदा हसला आहे आणि त्यातलं एकदा फोनवर. मग तो उठून फळ्यावर गेला आणि बाबायने त्याच्या हातातून पेन घेतलं. त्यांनी कोठी काढली. थर काढले. हुबेहूब माझी आकृती, सहस्राच्या वहीतली. मी बघत होतो आणि मनात विजयवाड्याला भाड्याने घर शोधत होतो.

खोलीचं दार उघडलं. डेल त्यांना विभाग दाखवायला बाहेर घेऊन आला. विभाग म्हणजे माझं टेबल.

बाबायने इकडे तिकडे बघितलं. एक टेबल, एक खुर्ची, तीवर मी. "आणि नवीन माणसाची जागा कुठे?" त्यांनी विचारलं.

डेल खाकरला. "ते... बघू आपण. ठरवता येईल."

शेजारून वेनने मदतीसाठी मान वर काढली. "इथेच हो. याचीच जागा. तीच तर भरतायत." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "सॉरी."

बाबाय माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. टेबलावर सहस्राचा फोटो होता, भिंतीवर माझ्या पंख्यांच्या वेळांचा तक्ता होता, कोपऱ्यात हैमाने दिलेला लक्ष्मीचा छोटा फोटो. त्यांनी एकेक वस्तू बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं ते आता सगळ्यांसमोर विचारणार, फणी, हे काय आहे? आणि मी काय म्हणणार होतो? पाणी घेणार का?

"जरा आत जाऊन बोलू या का पुन्हा?" ते डेलला म्हणाले.

या वेळी दहाच मिनिटं लागली. बाबाय बाहेर आले आणि सरळ दाराकडे गेले. चाल ताठ होती. माझ्या टेबलासमोरून जाताना त्यांनी मान वळवली नाही.

दुपारी डेलने मला खोलीत बोलावलं आणि दार लावलं. "तुला हे सांगायला नको खरं म्हणजे," तो म्हणाला, "पण तो माणूस फार विचित्र निघाला. आधी मला वाटलं हा सोनं आहे. मग म्हणाला, ही नोकरी मला नको."

"का?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"म्हणाला, हे काम जेमतेम दोन तासांचं आहे. उरलेले सहा तास मी काय करू? असल्या किरकोळ कामात माझं मन रमायचं नाही. मी म्हटलं, लिहून द्या. त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं आणि सही केली. वकीलबाईंना कागद पाठवलाय, त्या खूश आहेत." डेलने पेन्सिल टेबलावर दोनदा आपटली. "पण फणी, एक प्रश्न आहे. सहा तास तू करतोस काय?"

त्या सोमवारपासून मला दर अर्ध्या तासाला काय केलं ते एका तक्त्यात भरावं लागतं. अर्ज मार्चच्या बावीस तारखेला गेला. आम्ही वाचलो. हैमा देवासमोर रडली आणि तिने एकशे आठचा तक्ता छापून आणला. मी मात्र बाबायवर भयंकर चिडलो होतो. दहा दिवस मी ज्याला जीव तोडून शिकवलं, त्याने माझ्या कामाला किरकोळ म्हणावं? तेही डेलसमोर? हैमा म्हणत होती, "अहो, त्यांनी मुद्दाम केलं." मी म्हणत होतो, मुद्दाम अपमान केला. नाकापुढे दुसरं काही दिसत नव्हतं मला. दीड महिना मी त्यांच्या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघत होतो. तेही येत नव्हते.

एप्रिलात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं फिल्टर बदलायचं झालं, म्हणून मी हायवेवरच्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. फिल्टरच्या रांगेत एक माणूस शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरचे खोके लावत होता. अंगात दुकानाचं ॲप्रन. शिडीवरून उतरताना त्याने प्रत्येक पायरीवर गुडघ्याला हात लावला. वळला तेव्हा छातीवर नावाची पट्टी दिसली. कामेश.

"कुठल्या मापाचं?" बाबायने विचारलं.

"सोळा बाय पंचवीस." मी म्हटलं. "बाबाय, तुम्ही इथे?"

"महिना झाला. चांगले लोक आहेत. दिवसभर उभं राहायचं, एवढंच." त्यांनी माप शोधायला पाठ फिरवली आणि तसंच बोलत राहिले. "माझी जाहिरात सत्त्याण्णव साली आली होती. दोन आठवडे माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पिन्नीने शेजारच्या तीन घरांचे पेपर सकाळी उठून गोळा करून आणले होते. मला सगळं पाठ आहे रे, फणी. तरी ते तेलाचं पान हातात आलं तेव्हा मला काही दिसलं नाही. नोकरी नसलेल्या माणसाला जाहिरात ही नुसती जाहिरात दिसते. तुझी खुर्ची बघितली तेव्हा लक्षात आलं."

मी तोंड उघडलं.

"काही बोलू नकोस," ते म्हणाले. "तुझ्या वकिलीणबाईंना चालायचं नाही. ती तपासणी अजून होऊ शकते." त्यांनी फिल्टर माझ्या हातात दिलं. "अर्ज गेला ना? नंबर लागला?"

"लागला."

"बाकी, काम खरंच दोन तासांचं आहे हं. ते मी खोटं लिहून दिलेलं नाही."

मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं. बाबायने त्याला थांबा म्हणून हात केला, शिडी उचलली आणि लंगडत त्याच्याबरोबर पुढच्या रांगेत निघून गेले. मी फिल्टर छातीशी धरून तिथेच उभा राहिलो. मला त्यांच्या मागे धावत जाऊन पाया पडावंसं वाटत होतं, आणि कायद्याने तेही चालणार नव्हतं.